रॅप्टर ७०० चे शॉकअप बदलले: वाळूत एक मोसम चालवल्यानंतर

पुढचे दोन शॉकअप एल्का कंपनीचे, मॉडेल स्टेज ५. मागचा गाडीबरोबर आलेलाच, पण उघडून साफ केलेला आणि स्प्रिंग बदललेला. ऑक्टोबर ते एप्रिल असा इथला अख्खा मोसम या जोडणीवर चालवला, म्हणून आता लिहितो. नवीन शॉकअप बसवल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांनाच ते छान वाटतात, त्यामुळे पहिल्या दिवसाचं मत मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

गाडी यामाहा रॅप्टर ७००, म्हणजे हँडलची चारचाकी क्वाड, २००७ सालची. मी शारजात एका कंपनीत मेंटेनन्स बघतो, सुट्टी फक्त रविवारी. पहाटे पिकअपमध्ये गाडी चढवायची, अल बदायरला सूर्य उगवताना पोचायचं आणि अकराच्या आत परत. ज्यांनी ती जागा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुबईहून हत्त्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाल वाळूचे मोठे डोंगर आहेत, सगळे त्याला बिग रेड म्हणतात. हिवाळ्यात रात्रीच्या दवाने वाळू घट्ट झालेली असते. पहिला तास दीड तास चाक वर तरंगत जातं. ऊन चढलं की तीच वाळू पिठासारखी होते, आणि डोंगरांच्या मधल्या सपाटीवर गाड्या जाऊन जाऊन एकामागे एक उंचवटे पडतात, आपल्याकडे बैलगाडीच्या वाटेवर पडतात तसे, फक्त गुडघाभर खोल. शॉकअपची खरी परीक्षा तिथे होते.

रॅप्टरचं इंजिन ६८६ सीसीचं, एकाच सिलिंडरचं, आणि त्याबद्दल माझी आजही एक तक्रार नाही. पुढचे शॉकअप मात्र माझ्या मॉडेलला अगदी साधे आले होते. प्रीलोडचे पाच टप्पे, बस. पाना लावून खाच फिरवा, स्प्रिंग थोडी दाबली जाते, गाडी पुढून जरा उचलते. तेलाचा अडथळा कमी-जास्त करायची सोय काहीच नाही. मागच्याला ती होती. पुढचं चाक वरखाली ९.१ इंच जातं, मागचं १०.१ इंच, कागदावर हे भरपूर आहे. पण माझं वजन ९२ किलो, हेल्मेट, बूट, छातीचं कवच आणि पाठीवर तीन लिटर पाणी धरून काट्यावर १०४ भरलं. कंपनीने गाडी बनवताना माझ्यासारखा माणूस डोळ्यासमोर ठेवला नसणार. डोंगर उतरून खोलगटात आलो की पुढचा भाग शेवटपर्यंत दबायचा आणि हँडलमधून मनगटाला ठोका बसायचा. तिसऱ्या-चौथ्या उंचवट्यानंतर गाडी आपल्या मनाने उड्या मारायला लागायची.

आता यात दोन वेगळे आजार आहेत, आणि मी बराच काळ त्यांना एकच समजत होतो. शेवटपर्यंत दबून ठोका बसणं हा मुख्यतः स्प्रिंगचा प्रश्न. उड्या मारत सुटणं हा तेलाचा. स्प्रिंग गाडीचं ओझं पेलते आणि दाबल्यावर तेवढ्याच ताकदीने परत फेकते. ते फेकणं आवरायचं काम तेल करतं. शॉकअपच्या आत रॉडच्या टोकाला पिस्टन असतो, त्याला भोकं आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. म्हणून वीस मिनिटं उंचवट्यांवर चालवून शॉकअपला हात लावला तर चटका बसतो. तेल तापलं की पातळ होतं, जुनं असेल तर त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि मग पिस्टन तेलाऐवजी फेसातून ये-जा करतो. सकाळी सातला ठीक चालणारी गाडी साडेनऊला बिघडल्यासारखी का वाटते, त्याचं कारण हे.

माझी पहिली खरेदी चुकली. इथल्याच एका ओळखीतून वापरलेली जोडी मिळाली, नावाजलेल्या कंपनीची, रॉडवर एक ओरखडा नाही, १,८०० दिरहम. विकणाऱ्याने सांगितलं रॅप्टरचेच आहेत, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या रॅप्टरला बाहेरचे लाँग ट्रॅव्हल ए-आर्म होते, म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणारे दांडे, चाक जास्त वरखाली जाऊ देणारे. माझे कंपनीचे. बोल्ट बसला, बुश बसले, मनात म्हटलं काम झालं. गाडी जॅकवर उचलली, चाकं खाली लोंबली, हँडल फिरवून बघितलं तर एका बाजूला अडलं. वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं तेव्हा कळलं, ए-आर्म इतके खाली गेले होते की बॉल जॉइंटची, म्हणजे आर्मच्या टोकाला चाक जोडणाऱ्या सांध्याची, पिन कडेला टेकली होती. उडी मारून चाक हवेत लोंबलं असतं आणि तसंच जमिनीवर आलं असतं तर पिन तुटली असती. जुना शॉकअप शेजारी ठेवून मोजला. एका बुशच्या मध्यापासून दुसऱ्या बुशच्या मध्यापर्यंत जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक. हे मोजमाप मी पैसे देण्याआधी घ्यायला हवं होतं. टेप खिशातच होती. विकणाऱ्याने परत घेतले नाहीत.

म्हणून वापरलेले घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, गाडीचं मॉडेल विचारू नका, त्या गाडीला ए-आर्म कुठले होते ते विचारा. आणि चालवणाऱ्याचं वजन विचारा. नुसते लांब ए-आर्म, ज्यांना दोन इंच जास्त म्हणतात, त्यातल्या बहुतेकांना कंपनीच्या लांबीचेच शॉकअप चालतात. पण आर्म लांब झाला की तरफ लांब झाली, म्हणजे त्याच स्प्रिंगवर चाकाचा जोर जास्त पडतो. स्प्रिंग कडक लागते. लाँग ट्रॅव्हलचे आर्म ही पूर्ण वेगळी जात, त्यांचे शॉकअपही वेगळे.

त्या दिवशी रात्री कोल्हापूरला आप्पांना फोन केला. आप्पांनी शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. क्वाड त्यांनी फक्त मी पाठवलेल्या व्हिडिओत बघितलीय. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तारेची जाडी मोजलीस का?" मी म्हटलं, "नाही." "मग कडक आहे का मऊ आहे, कशावरनं ठरवलंस? रंगावरनं?"

त्यांचा मुद्दा इतका बरोबर आहे की तो इथे नीट लिहितो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून तार ९ मिलिमीटरची १० केली, तर स्प्रिंग दीडपट कडक होते. एक मिलिमीटरमध्ये दीडपट! डोळ्याला हा फरक दिसतच नाही, व्हर्नियर लावावाच लागतो. वेढा मोठा झाला की मऊ, वेढे कमी झाले की कडक. गावाकडे गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापतात, तेव्हा गाडी दणके मारायला लागते ती यामुळेच, वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते.

मग मी तीन वाटा बघितल्या.

पहिली हवेचे शॉकअप, फॉक्स फ्लोट. यात पोलादी स्प्रिंगच नसते, कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते, बारीक पंपाने दाब भरायचा. वजनाला हलके, आणि जाडा माणूस बसला तर दोन मिनिटांत पंप मारून जमवता येतं. एका मित्राच्या गाडीवर दोन रविवार चालवले. मला ते मनापासून आवडले. शेवटी शेवटी हवा अशी घट्ट होत जाते की ठोका बसतच नाही. पण हवेला तापमान कळतं. सकाळी २० अंशाला ६० पीएसआय भरलं आणि दुपारी ४० अंश झालं तर नुसत्या उन्हाने ते ६५ च्या आसपास जातं, शॉकअप स्वतः तापतो ते वेगळंच. ज्याला पंप घेऊन दर तासाला बघायला आवडतं त्याने जरूर घ्यावेत. घरात दोघं तिघं एकच गाडी चालवत असतील तर मी हेच सुचवीन. मी एकटा चालवतो आणि मला एकदा लावलं की विसरायचं असतं.

दुसरी वाट, कंपनीचेच शॉकअप उघडून नवीन तेल, नवीन सील, नायट्रोजन आणि वजनाप्रमाणे स्प्रिंग. ही वाट मी मागच्यासाठी घेतली, त्याबद्दल खाली लिहितो.

तिसरी एल्का. कॅनडातल्या क्यूबेकची कंपनी. स्टेज ५ मध्ये प्रीलोड आट्यांवर फिरतो, दाबताना लागणारा अडथळा दोन ठिकाणी वेगळा लावता येतो आणि परत येतानाचा तिसऱ्या ठिकाणी. पण मी पैसे टाकले ते या चाव्यांसाठी नाही. ऑर्डर देताना त्यांनी माझं वजन विचारलं, ए-आर्म कुठले विचारलं, कुठल्या जमिनीवर चालवता विचारलं. त्याप्रमाणे स्प्रिंगा आणि आतल्या चकत्या लावून शॉकअप बांधून येतो. वजन सामानासकट १०४ लिहिलं, जमीन वाळू लिहिली, आर्म कंपनीचे. या प्रश्नांना खोटं उत्तर देऊ नका, दहा किलो कमी लिहिलेत तर दहा किलो कमी असलेल्या माणसाचे शॉकअप घरी येतील. बांधून येणारी वस्तू असल्याने आज उचलली आणि संध्याकाळी बसवली असं होत नाही, मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्येच मागवावी. कुरिअर, ५ टक्के कस्टम आणि वर ५ टक्के व्हॅट धरून पुढची जोडी मला सात हजार दिरहमच्या थोडी वर पडली. रक्कम मोठी आहे. बायकोला विचारून घेतली.

खोकं उघडल्यावर पहिलं काम व्हर्नियर. एका शॉकअपवर दोन स्प्रिंगा एकीवर एक असतात, वर छोटी मऊ, खाली लांब कडक, मध्ये प्लास्टिकची कडी. अनेकांना वाटतं आधी मऊ दबते आणि मग कडक. खरं तर दोन्ही एकदमच दबतात, आणि एकीवर एक ठेवलेल्या दोन स्प्रिंगा मिळून त्यातल्या मऊ स्प्रिंगपेक्षाही मऊ होतात. समजा वरची एक इंच दाबायला १०० पौंड लागतात आणि खालची दाबायला १५०, तर दोन्ही मिळून ६० च्या. म्हणून बारीक खडबडीवर गाडी लोण्यासारखी जाते. मग मधली प्लास्टिकची कडी वर आट्यांवर बसवलेल्या कड्यांना टेकते, मऊ स्प्रिंगचं काम संपतं, आणि तिथून पुढे एकटी १५० ची उरते. साठवरून थेट दीडशे. हा बदल कुठे व्हावा, लवकर की उशिरा, हे त्या आट्यांवरच्या कड्या हलवून ठरतं, आणि वाळूत सगळी मजा या एका जागेत आहे. लवकर झाला तर उंचवट्यावर गाडी कडक वाटते, उशिरा झाला तर खोलगटात नाक खाली घालते.

बसवायला दीड तास लागला. त्यानंतर बसणं मोजलं, म्हणजे माणसाच्या ओझ्याने गाडी किती खाली बसते ते. चाकं पूर्ण लोंबून जमिनीला नुसती टेकलेली असताना चौकटीच्या एका खुणेची जमिनीपासूनची उंची मोजायची, मग सगळं सामान घालून गाडीवर बसायचं, दुसऱ्याने टेप धरून तीच उंची परत मोजायची. चाकाच्या एकूण प्रवासाचा साधारण तिसरा हिस्सा बसण्यात जावा, म्हणजे माझ्या गाडीला पुढे तीन इंचांच्या आसपास. माझं पहिल्यांदाच पावणेतीन भरलं. आट्यांवर दोन वेढे सोडले, तीन झालं. प्रीलोड घट्ट करून स्प्रिंग कडक होत नाही, हे इथे लक्षात ठेवा. उंची बदलते फक्त. तीन इंच जमवायला प्रीलोड पार पिळावा लागत असेल तर स्प्रिंगच चुकीची आहे.

उंची बदलली की चाकांची दिशा बदलते, हे बरेच जण विसरतात. दोन्ही पुढची चाकं पुढून आणि मागून मोजून टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, परत जमवले.

आता चालवण्याबद्दल. दाबतानाच्या अडथळ्याच्या दोन चाव्यांना लो स्पीड आणि हाय स्पीड म्हणतात, आणि यातला वेग गाडीचा नाही, रॉडचा. डोंगराच्या पोटातून वळसा घेताना, ब्रेक मारताना, खोलगटाच्या तळाशी गाडी हळूहळू दबते तेव्हा लो स्पीड. सत्तरच्या वेगाने उंचवट्याच्या कडेवर चाक आदळलं आणि रॉड झटक्यात आत गेला तेव्हा हाय स्पीड. वाळूत मला लो स्पीड बरीच घट्ट आणि हाय स्पीड बरीच सैल आवडली. दोन्ही चाव्या पूर्ण बंद करून तिथून उलट्या क्लिक मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, एका वेळी एकच चावी हलवायची. परत येण्याचा अडथळा मी सुरुवातीला फार घट्ट ठेवला होता, गाडी शांत वाटावी म्हणून. झालं उलटंच. दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा उंचवटा यायचा, प्रत्येक ठोक्याला गाडी थोडी थोडी खालीच राहायची, आणि सहाव्या उंचवट्याला शॉकअपमध्ये जागाच उरायची नाही. चार क्लिक सोडल्यावर सपाटीवरची ती रांग मी पहिल्यांदा उभ्याने, गॅस न सोडता पार केली. शेवटी गाडी थांबवून मनगटं हलवून बघितली. दुखत नव्हती. जानेवारीतला धुक्याचा रविवार होता, मला तो दिवस नीट आठवतो.

तापण्याचं काय? साडेनऊलाही गाडी सातसारखीच चालते. तेल जास्त, नायट्रोजन तेलापासून वेगळा कोंडलेला, त्यामुळे फेस होत नाही. सात हजारांतले निम्मे पैसे मी याच एका गोष्टीला लावतो.

मागच्याबद्दल. मागचा एकच शॉकअप असतो, लिंकेजवर, म्हणजे सांध्यांच्या जोडणीवर, बसवलेला, आणि तो मी नवीन घेणारच होतो कारण मागून कुरकुर आणि कडकपणा दोन्ही होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक केरळी मिस्त्री आहे, फक्त शॉकअपचंच काम करतो. त्याच्याकडे नेला. त्याने शॉकअपला हातच लावला नाही. आधी लिंकेजचा बोल्ट काढला आणि बोट आत घालून बाहेर काढलं, बोटावर तांबडा गंज आणि वाळू. आतल्या सुईसारख्या बेअरिंग जाम झाल्या होत्या. म्हणाला, "भाई, शॉकअप आजारी नाही, त्याचे गुडघे आजारी आहेत." बेअरिंग आणि सील नवीन, ग्रीस भरून. मग शॉकअप उघडला, तेल ओतलं ते गटाराच्या पाण्यासारखं काळं. नवीन तेल, सील, नायट्रोजन, माझ्या वजनाची कडक स्प्रिंग. सगळं मिळून नवीन शॉकअपच्या चौथ्या हिस्स्याहूनही कमी पैसे. मागून गाडी आता इतकी चांगली आहे की नवीन घ्यायचा विचार सोडून दिला.

हे बघितल्यावर स्वतःलाच विचारलं, पुढच्यांचंही असंच केलं असतं तर? स्प्रिंग आणि तेल बदलून ठोका नक्की थांबला असता. ज्याचं वजन ७५ किलोच्या आत आहे आणि जो महिन्यातून एकदा मजेसाठी चालवतो, त्याने तेवढंच करावं, आणि उरलेल्या पैशात वाळूसाठीचे पॅडल टायर घ्यावेत. माझ्या वजनाचा माणूस दर रविवारी तीन तास चालवत असेल तर मात्र एल्का घ्यावेत. ऑनलाइन मिळणारे लाल स्प्रिंगचे स्वस्त जोड मी घेणार नाही, कारण वजन न विचारता जो शॉकअप देतो त्याला स्प्रिंग कुणाच्या मापाची लावली हे त्यालाच माहीत नसतं.

देखभालीत दोन गोष्टी पाळतो. घरी आल्यावर रॉड ओल्या फडक्याने पुसायचा, प्रेशरचं पाणी सीलवर मारायचं नाही. रॉडवर वाळूची ओली कडी चिकटलेली दिसली तर सील पाझरतंय, कारण कोरड्या रॉडवर वाळू टिकत नाही. आणि उन्हाळ्यात गाडी उभी असताना तेल बदलून घ्यायचं.

रॉडवर एक रबरी कडी सरकवून ठेवलीय. चालवून आलो की ती कुठपर्यंत ढकलली गेली ते बघतो. शेवटच्या रविवारी ती तळापासून बारा मिलिमीटरवर थांबली होती, म्हणजे अजून थोडी जागा वापरायची राहिलीय. ऑक्टोबरमध्ये हाय स्पीड आणखी एक क्लिक सोडून बघणार आहे.